दक्षिणेकडची दारं

माझ्या मुलाखतीत अक्कांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तुझी आई आंघोळ कुठं करती?"

मी तामलवाडीहून सकाळची पहिली एसटी धरून उमरग्याला आले होते. सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच झाला होता. मांडीवर प्रमाणपत्रांची फाईल, अंगात बहिणीचा इस्त्री केलेला ड्रेस आणि डोक्यात रात्रभर पाठ केलेली काँक्रीटची प्रमाणं. फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"घरामागं," मी म्हणाले. "न्हाणी आहे आमची."

"काढ."

त्यांनी पेन्सिल माझ्याकडं सरकवली. मी चौकोन काढला, कोपऱ्यात पाण्याचा हौद काढला, दार काढलं. अक्का खुर्चीतून उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"दार कुणीकडं उघडतंय?"

"बाहेर."

"आणि कडी?"

"कडी तुटलीय. दाराला दोरी बांधलीय. आई आतून दोरी धरते."

"म्हंजे एका हातात दोरी आन् एका हातात तांब्या," अक्का म्हणाल्या. "तुझ्या आईनं दोन्ही हातांनी डोक्यावरून पाणी कधी घेतलंच न्हाय."

मी त्याच न्हाणीत लहानाची मोठी झाले होते. तीच दोरी मीही धरली होती. पण हे असं कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मुलाखतीत रडणं बरं दिसणार नाही म्हणून मी कागदाकडं बघत राहिले.

"उद्यापासून ये," अक्का म्हणाल्या. "पर रविवारी गावाकडं गेलीस की आधी ते दार आत उघडणारं कर. मग इथं बसून लोकांची घरं काढ."

अक्का मूळच्या मुरुमच्या. व्यापारी लिंगायत घर, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि गवंड्यांशी भांडताना दोन्ही एकदम. वास्तुरचनेचं शिक्षण घेऊन काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि एके दिवशी सगळं सोडून परत आल्या. का आलात, असं विचारलं तर म्हणायच्या, "तिथं बाराव्या मजल्यावरच्या बायकांची घरं काढत होते. त्यांना काढणारे लई हायती." उमरग्यात मोंढ्याच्या मागं एका दुमजली इमारतीत खाली ऑफिस आणि वर त्या एकट्या. आता त्या गुलबर्ग्याला बहिणीकडं असतात आणि मी धाराशिवला स्वतःचं ऑफिस चालवते. पण नकाशा काढताना अजूनही पाठीमागं कुणी तरी उभं आहे असं मला वाटतं.

दिसायला उंच, आडव्या हाडाच्या. घोट्याच्या वर नेसलेली इरकल साडी आणि पायात पांढरे बूट. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या, आणि तिसरी सापडत नाही म्हणून सगळ्या ऑफिसला बेजार करायच्या. दुपारी जेवण झालं की ड्रॉइंगच्या मोठ्या टेबलावर चादर टाकून सरळ आडव्या व्हायच्या. गिऱ्हाईक आलं तर झोपूनच बोलायच्या. "बसा. पडल्या पडल्या डोकं चांगलं चालतं." गिऱ्हाईक आधी बिचकायचं, मग खुर्ची ओढून टेबलाशी बसायचं, दवाखान्यात पेशंटला भेटायला आल्यासारखं.

लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल टोकलं तर चिडायच्या नाहीत. म्हणायच्या, "हजार घरं आतून बघितली. एकाही घरात मला बसायला जागा दिसली न्हाय. मग कुठं जायचं लग्न करून?"

त्यांची एक अट सगळ्या तालुक्याला माहीत होती. घरची बाई आल्याशिवाय त्या नकाशाला हात लावत नसत. एकदा मुरुमचे एक अडत व्यापारी आले. पांढरे कपडे, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये हैदराबादच्या कुठल्या तरी बंगल्याचे फोटो. "अक्का, हॉल असा पायजे. पार्किंग असं. मागं किचन."

"मालकीण कुठायत?"

"ती घरी हाय. तिला काय कळतंय यातलं?"

"मग मलाबी काय कळत न्हाय," अक्का म्हणाल्या आणि टेबलावर कुशीवर वळल्या.

दुसऱ्या खेपेला ते बायकोला घेऊन आले. ती बाई दारातच उभी. अक्कांनी तिला शेजारी बसवून घेतलं, चहा पाजला, आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "तुमी रुसलात तर कुठं जाऊन बसता?"

बाई पदर तोंडाला लावून हसली. नवराही हसला. मग ती विचारात पडली आणि हळूच म्हणाली, "देवघरात. तिथं डोळं मिटून बसलं की कुणी काय विचारत न्हाय."

नवऱ्याचं हसू तिथंच थांबलं.

प्लॉटवर गेल्यावर अक्कांनी जमिनीवर फक्की मारली. फक्की म्हणजे पाया आखायची पांढरी भुकटी. सबंध घर तिथं मातीवर खऱ्या मापात आखलं, आणि मग त्या बाईला म्हणाल्या, "करा सैपाक." बाई लाजत लाजत त्या पांढऱ्या चौकोनात गेली. इथं पीठ, इथं चूल, इथं पाणी, असं करत करत तिनं खोट्या भाकरी थापल्या. थोड्या वेळानं ती उभी राहिली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "इथनं मला कुणीच दिसत न्हाय. मला रस्ता दिसायला पायजे."

स्वयंपाकघर पुढं आलं. व्यापाऱ्याच्या आईनं चार दिवस अबोला धरला. स्वयंपाकघर कधी दर्शनी असतं का! घर झाल्यावर मी एकदा काही मापं घ्यायला गेले, तर सासूबाई त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या, आणि व्यापारी ओट्याला टेकून चहा पीत होते. त्यांच्या मोठ्या हॉलमध्ये सोफ्यावर प्लास्टिक तसंच होतं.

अशी किती तरी घरं. पण अक्कांचं नाव निघालं की मला आठवते ती हायवेजवळची कॉलनी. ती कॉलनी अक्कांनी आखलेली नव्हती. एका विकासकानं शेतजमिनीवर प्लॉट पाडले आणि एका साच्यातली घरं उभी केली. शिक्षक, दुकानदार, ट्रकमालक, दवाखान्यात काम करणाऱ्या बायका, अशा लोकांनी ती घेतली. दक्षिणेकडं सहा घरांची एक रांग होती. या सगळ्या घरांची तोंडं उत्तरेला, आतल्या रस्त्याकडं. त्यांच्या पाठीमागून एक बोळ हायवेवरच्या बसथांब्याकडं जायची. बोळीच्या एका बाजूला या सहा घरांच्या कोऱ्या भिंती, दुसऱ्या बाजूला सोयाबीनच्या गोदामाची उंच भिंत. दुसरी वाट होती, पण ती लांबून, ढाब्यांच्या आणि उभ्या ट्रकांच्या मधून. त्यामुळं बायकापोरी बोळीनंच जायच्या.

या सहातल्या मधल्या घरात एक सिस्टर राहायच्या. खाजगी दवाखान्यात नोकरी, नवरा गेलेला, घर स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं. त्या एका दुपारी ऑफिसात आल्या. अक्का टेबलावर आडव्या होत्या.

"मागची भिंत उंच करायचीय," सिस्टर म्हणाल्या. "वर काचा लावायच्यात."

"का?"

सिस्टरांनी सांगितलं. बोळीत मोटरसायकली लावून पोरं उभी राहतात. जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांवर काहीबाही बोलतात. आता मजल वाढली होती. शेजारच्या प्रतीक्षाची ओढणी ओढली. ती पळाली, पडली, हनुवटी फुटली. टाके सिस्टरांनीच घालायला मदत केली. प्रतीक्षा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडलांनी कॉलेज बंद केलं आणि स्थळं बघायला सुरुवात केली.

अक्का उठून बसल्या. पेन्सिली अंबाड्यात खोचल्या आणि बूट शोधू लागल्या. "नडी," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या कन्नडमध्ये नडी म्हणजे चल.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बोळीत शिरल्यावर अक्का मध्यावर थांबल्या आणि मला गप्प राहायची खूण केली.

"काय ऐकू येतंय?"

"ट्रकचे हॉर्न."

"आणखी?"

मी कान दिला. "काही नाही."

"सहा घरं हायती. सांजच्या सैपाकाची वेळ. एका कुकरची शिट्टी इकडं ऐकू येत न्हाय. मग इथं पोरगी वरडली तर त्या घरात कसं ऐकू जाईल?" त्यांनी भिंतीवर तळहात थापला. "सिस्टर, ही भिंत उंच केली तर बोळ आणखीन मुकी होईल. काचा लावून चोर अडंल. हे पोट्टे कशानं अडणार?"

तिथून आम्ही थेट प्रतीक्षाच्या घरी गेलो. पोरगी दारामागं उभी होती, हनुवटीला पट्टी. तिच्या वडलांचे दोन ट्रक होते. माणूस वाईट नव्हता. डोळे तांबडे झाले होते, बहुधा झोप नसावी.

"अक्का, मी उभं आयुष्य हायवेवर काढलंय," ते म्हणाले. "माणसं कशी असत्यात मला ठाव हाय. पोरगी घरात हाय तवर मला झोप लागती."

"लागती व्हय?" अक्कांनी विचारलं. "तुमच्या डोळ्याकडं बघून तर वाटत न्हाय."

त्यांनी तळहातानं डोळे चोळले.

"भिंत चुकीची बांधली विकासकानं. खोडी काढली गावच्या पोट्ट्यांनी. आन् कोंडून घातलं कुणाला, तर हिला. हा कुठला न्याय, भाऊ?"

"मग मी काय करू? भिंत पाडू?"

"मी पाडते. वाट सुरक्षित केली तर हिला कॉलेजला पाठवताव का?"

त्यांनी मुलीकडं बघितलं. ती खाली बघत होती. "पाठवतो," ते म्हणाले.

"आन् स्थळं?"

"तवर थांबवतो. पर लई दिवस न्हाय, अक्का."

ऑफिसात परतल्याबरोबर अक्कांनी टेबलावरची चादर काढून फेकली आणि मोठा कागद ताणून लावला. त्या आठवड्यात त्या दुपारच्या झोपल्या नाहीत. मी त्यांच्याकडं होते तेवढ्या काळात असं एकदाच झालं.

कॉलनीच्या सोसायटीचे एक अध्यक्ष होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांचं घर त्या रांगेतलं शेवटचं, अगदी बोळीच्या तोंडाशी, आणि सगळ्यांत लांब कोरी भिंत त्यांचीच. झाल्या प्रकारानं तेही हादरले होते आणि त्यांनीही उपाय काढला होता. बोळीच्या तोंडाला लोखंडी गेट लावायचं, कुलूप घालायचं, कॅमेरा बसवायचा, आणि बायकांनी दिवेलागणीच्या आत घरी यायचं. रविवारी सकाळी मोकळ्या जागेत मांडव घालून सर्वसाधारण सभा बोलावली. सिस्टरांनी अक्कांना बोलावलं.

आम्ही गेलो तेव्हा पुरुष खुर्च्यांवर बसले होते. बायका मांडवाच्या कडेला, कुणी ओसरीवर, कुणी दारात. सिस्टर तेवढ्या खुर्चीवर होत्या, मागच्या रांगेत. अक्कांच्या खांद्यावर नकाशाची गुंडाळी. साहेबांनी गेटची कल्पना मांडली, लोकांनी माना डोलावल्या. मग अक्कांना बोलायला सांगितलं.

अक्कांनी नकाशा उघडला आणि मला एक टोक धरायला लावलं. "गेट नको," त्या म्हणाल्या. "सहाही घरांच्या मागच्या भिंतीला एक दार, एक मोठी खिडकी आन् बाहेर ओटा. सैपाकघरं तशीबी मागंच हायती. खिडकी उघडली की बोळ तुमच्या घरातली होती. ओट्यावर माणूस बसलं की ती रस्ता होती."

मांडवात एकच गलका झाला. एकजण म्हणाला, "चोरांना दुसरं दार करून द्यायचं का?" दुसरा म्हणाला, "आमच्या बायका काय रस्त्यावर बसणार?" आणि साहेब उभे राहून म्हणाले, "बाई, ती दक्षिण दिशा आहे. दक्षिणेला दार? यमाची दिशा ती!"

"साहेब," अक्का म्हणाल्या, "यमाला दार लागतं व्हय? तसं असतं तर आतापातुर सगळ्यांनी घरं बिनदाराचीच बांधली असती."

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "हे बघा, इथं वाद घालायला नको. लोकशाही आहे. मतदान घेऊ. सभासदांनी हात वर करायचे."

"सभासद कोण?" अक्कांनी विचारलं.

"ज्याच्या नावावर घर, तो सभासद. साधी गोष्ट आहे."

"तुमचं घर कुणाच्या नावावर हाय?"

साहेब बोलता बोलता थांबले. बाईच्या नावानं घर घेतलं की सरकार मुद्रांक शुल्कात सूट देतं. ही गोष्ट मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होती, कारण जवळजवळ प्रत्येकानं तेच केलं होतं.

"मिसेसच्या," साहेब म्हणाले.

अक्का पुढच्या खुर्चीकडं वळल्या. "तुमचं?"

"बायकोच्या."

"तुमचं, भाऊ?" हे प्रतीक्षाच्या वडलांना.

"प्रतीक्षाच्या आईच्या," ते म्हणाले, आणि त्यांना कसंनुसं हसू आलं.

अक्का एकेकाला विचारत गेल्या. कुणी खाकरून सांगितलं, कुणी वर न बघता. दोन-चार जणांची घरं त्यांच्या स्वतःच्या नावावर निघाली. ते उगीचच ताठ बसले. सगळ्यांना विचारून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "मग सभासद तर तिकडं उभे हायती. खुर्च्या मोकळ्या करा."

कुणी हललं नाही. मांडवाच्या कडेलाही कुणी हललं नाही. मला वाटलं, आता हे इथंच मोडणार. मग साहेबांच्या घरून, ओसरीवरून, वहिनी उतरल्या. साहेबांच्या बायको. कमी बोलणाऱ्या, कायम डोक्यावर पदर. मी त्यांचा आवाज तोवर ऐकला नव्हता. त्या मांडवात आल्या आणि साहेबांच्या शेजारच्या खुर्चीपुढं उभ्या राहिल्या. तिच्यावरचा माणूस आपोआप उठला. वहिनी बसल्या.

"तू यात पडू नको," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

"मी पडले कुठं?" वहिनी म्हणाल्या. "मी सभासद हाय."

त्यानंतर मात्र बायका आल्या. एकीनं दुसरीचा हात धरला, दुसरीनं तिसरीला ढकललं. खुर्च्यांचा खडखडाट झाला, पुरुष उठून मांडवाच्या कडेला गेले, आणि तिथं हातांचं काय करावं हे न कळून उभे राहिले. प्रतीक्षाची आई सगळ्यांत शेवटी आली. साहेबांनी कोरड्या आवाजात विचारलं, "गेटऐवजी दारं-खिडक्या, याच्या बाजूनं कोण?"

सिस्टरांचा हात आधी वर गेला. वहिनींचा मग. बाकीच्या एकमेकींकडं, नवऱ्यांकडं बघत होत्या. तेवढ्यात प्रतीक्षाच्या आईनं हात वर केला. नुसता कोपरापर्यंत नाही, पार डोक्याच्या वर, बांगड्या खाली घसरत कोपरापर्यंत आल्या. आणि तिच्यामागं मांडवभर हात उभे राहिले. कडेला उभ्या असलेल्या एका शिक्षकानंही हात वर केला, मग लक्षात येऊन खाली घेतला. सगळे हसले. तेही हसले.

"साकु!" अक्का ओरडल्या. पुरे, झालं! आणि नकाशाचं दुसरं टोक सोडून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नकाशा माझ्या अंगावर गुंडाळला गेला.

नगरपालिकेची परवानगी अक्कांनी स्वतः फेऱ्या मारून आणली. पहिली भिंत सिस्टरांची फुटली. ओटा किती उंच करायचा यावर अक्का आणि गवंडी दिवसभर भांडले. गवंड्याला तो सरळ रेषेत उंच हवा होता. अक्कांनी गल्लीतल्या एका म्हातारीला आणून बसवलं. "आजी, पाय टेकत्यात का?" टेकत नव्हते. ओटा खाली आला. दिव्यावरूनही असंच. वायरमन खांबावर उंच दिवा लावायला निघाला होता.

"उंच लावला की नुसती डोकी दिसत्यात," अक्का त्याला म्हणाल्या. "ओट्याच्या वर लाव. चेहरे दिसले पायजेत. चेहरा दिसला की नाव कळतं, आन् नाव कळलं की पोट्टं सरळ चालतं."

समोरच्या गोदामाच्या मालकाला भेटून त्यांनी त्याची भिंत पांढरी करून घेतली. म्हणजे थोड्याच दिव्यांत बोळ उजळणार होती. एक एक करत पाच घरं उघडली. प्रतीक्षाच्या आईनं खिडकीत शिलाई मशीन मांडलं. पहिल्याच आठवड्यात ब्लाउजं शिवायला आली. कुणी ओट्यावर पापड वाळत घातले, कुणी तुळस आणून ठेवली.

साहेबांचं घर तेवढं बंद होतं. बोळीचं तोंड अजून काळं. अक्का रोज तिथं जाऊन भिंतीकडं बघायच्या, पण आत जायच्या नाहीत. मी म्हणाले, "वहिनींशी बोलायचं का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "बाईच्या घरात बाईच्या आधी आपुन शिरायचं न्हाय. त्यांना ठाव हाय."

एका सकाळी सिस्टरांच्या घरचं राहिलेलं काम करायला गवंडी आला होता. साहेबांच्या भिंतीपलीकडून ठक ठक आवाज आला. कुणी तरी आतून लाटण्यानं भिंत ठोकत होतं. मग वहिनींचा आवाज आला, "ओ गवंडी दादा, आवाज येतोय का? इथंच. इथं फोडा."

गवंड्यानं अक्कांकडं बघितलं. अक्कांनी मान हलवली. हातोडा पडला. दुसरा, तिसरा. वीट निघाली, आणि त्या भोकातून वहिनींचा चेहरा दिसला, पदर खांद्यावर पडलेला, केसांवर सिमेंटची भुकटी. थंडीचे दिवस होते. दक्षिणेचं ऊन त्या भोकातून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं ते थेट समोरच्या भांड्यांच्या मांडणीवर पडलं.

साहेब पुढच्या खोलीत पेपर धरून बसले होते. भोक वाढत गेलं तसे ते चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "हवा येतीय की."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "ऊनबी येतंय. बसा इथं."

ते बसले. गवंड्याला चहा त्यांनीच ओतून दिला.

त्यांचं दार आणि ओटा तयार झाला त्या संध्याकाळी सगळे दिवे पहिल्यांदा एकदम लागले. मोटरसायकलवाली पोरं नेहमीप्रमाणं आली. प्रतीक्षाची आई मशीनवर, वहिनी नव्या दारात, म्हातारी पाय टेकवून बसलेली, आणि सिस्टर ओट्यावर लसूण सोलत. सिस्टरांनी मान वर करून एका पोराला निरखलं.

"काय रे, तू आमच्या दवाखान्यात आईला घेऊन आला होतास न्हाय का? त्यांची शुगर कशीय आता? गोळ्या घेत्यात का वेळेवर?"

पोरगं गडबडलं. "घेती... घेती."

"सांग, सिस्टरनं विचारलंय म्हणावं. आन् इथं कशाला उभा राहिलाय, घरी जा, वाट बघत असतील."

मोटरसायकली वळल्या. ती पोरं त्या बोळीत पुन्हा उभी राहिली नाहीत.

प्रतीक्षाच्या वडलांनी शब्द पाळला. सोमवारी ती कॉलेजला गेली. संध्याकाळी तिच्या येण्याच्या वेळेला ते बोळीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमी घरी जाऊन चहा घ्या. आमी हाव इथं." ते दोन पावलं मागं गेले, पण गेले नाहीत. बसमधून प्रतीक्षा उतरली. बोळीत शिरताना तिची पावलं जुन्या सवयीनं भराभर पडत होती. पहिल्या ओट्यावरून वहिनींनी विचारलं, "आलीस का गं?" दुसऱ्यावरून म्हातारीनं विचारलं, "काय शिकवलं आज?" पोरीची चाल मंदावली. सिस्टरांच्या ओट्यापाशी ती थांबली, दप्तर खाली ठेवलं, आणि शेंगदाण्याची मूठ तोंडात टाकत उभ्या उभ्या कॉलेजातलं काही तरी सांगायला लागली. हनुवटीवरची खूण दिव्यात दिसत होती. तिच्या वडलांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं चेहरा पुसत घरी गेले. स्थळांचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. ती बी.एस्सी. झाली, पुढं एम.एस्सी.लाही गेली.

काही महिन्यांनी अक्का आणि मी दुसऱ्या कामाहून परतताना मुद्दाम त्या बोळीनं आलो. कॉलेज सुटायची वेळ. पाच-सहा पोरी घोळक्यानं समोरून आल्या, मोठमोठ्यानं हसत, एकीच्या हातात भेळेचा कागद. ओट्यावरच्या बायकांनी त्यांना हाका मारल्या, त्यांनी हात केले.

"ह्या कुणाच्या पोरी?" अक्कांनी सिस्टरांना विचारलं. "ह्यांना मी बघितलं न्हाय."

"ह्या आपल्या न्हायत, अक्का. ओढ्यापलीकडच्या नव्या कॉलनीतल्या. त्यांना हिकडनं लई लांब पडतं, पर रोज हिकडनंच जात्यात."

अक्का वळून त्या पोरींकडं बघत राहिल्या. त्या कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिल्या. मग एवढ्या मोठ्यानं हसल्या की वहिनींच्या खिडकीतल्या चिमण्या उडाल्या.

"लांब पडतं," त्या मला म्हणाल्या. "ऐकलंस का? पोरींना लांब पडतंय. चल, ती कॉलनी कशी हाय बघून येऊ."

दिवसभर उन्हात फिरून माझे पाय दुखत होते. पण अक्का तोवर निघाल्यासुद्धा होत्या, आणि त्यांना गाठायला मला पळावं लागलं.